दादा गावाविरुद्ध खेळला तो हिवाळा

आये, दादा आता जासईला राहतो. त्याचं ते घर तू पाहिलं नाहीस. मागच्या दारातून पूर्वी शेतं दिसायची म्हणे, आता कंटेनर दिसतात, एकावर एक रचलेले, लाल, निळे, कडेला गंजलेले. परवा त्याच्याकडे गेले होते. चहा पिता पिता त्यानं एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्या वयाच्याही पुढे निघून आलेय. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. तरी लिहिते. समोर असतीस तर अर्ध्यातच उठून चुलीकडे गेली असतीस.

मी राहते ती सोसायटी आपल्या मैदानावर उभी आहे. खोटं वाटेल, पण तसंच आहे. बिल्डरनं गाव सोडून खाडीच्या बाजूला भराव टाकला, आणि पाण्याची टाकी आली ती नेमकी जिथं पोरं चुन्यानं मध्यरेषा मारायची तिथं. दुपारी सगळीकडे सामसूम असते, कामवाल्या निघून गेलेल्या असतात, वॉचमन खुर्चीत पेंगत असतो. अशा वेळी मी खाली उतरले की पार्किंगमधून चालताना पाय आपोआप जपून पडतात. कुणाच्या तरी अंगणात चपला घालून शिरल्यासारखं वाटतं. आणि मग कधी कधी तो आवाज येतो. तुझा. माणसाला माहीत असतं की असं काही ऐकू येत नसतं. शाळेत तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं मी. तरीही मान वळते.

तू मैदानावर जायला लागलीस ते बा गेल्यानंतर. बा होता तोवर तो जायचा आणि घरी येऊन तुला सगळा सामना सांगायचा, आणि तू भाकऱ्या थापत थापत त्याच्या चुका काढायचीस. तो गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात तू डोक्यावर पदर घेऊन, मला हाताशी धरून सरळ मैदानावर जाऊन बसलीस, तो बसायचा तिथंच, रेषेला लागून. तेव्हा बायका लांबून, घरांच्या ओट्यांवरून बघायच्या. देवळाजवळच्या म्हाताऱ्यानं, जो एकेकाळी स्वतः हुतुतू खेळायचा, तुला विचारलं, "वयनी, बायांचं काय काम हाय इथं?" तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "बघायला डोले लागतात ना? ते हायत मना." दोन-तीन हिवाळे गेले आणि तोच म्हातारा तुझ्यासाठी जागा धरून ठेवायला लागला, कारण सामना संपल्यावर भांडायला त्याला तुझ्यासारखं दुसरं कुणी मिळत नव्हतं.

भाताची कापणी झाली की कबड्डीचा हंगाम सुरू व्हायचा. मग शेतं सरकारनं घेतली, कापणी राहिली नाही, पण हंगाम त्याच दिवसांत सुरू होत राहिला. मिठागरंही एकेक करून बंद पडत होती. वाशीकडे इमारती वर चढत होत्या, पलीकडच्या रस्त्यावर कंपन्यांची धुराडी, आणि आपल्या गावातले पुरुष दिवसभर पारावर बसून असायचे. त्यांच्याकडे आपलं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, तो सात पोरांचा संघ. म्हणून तो हरला की गावात दोन दिवस चुली थंड असल्यासारखं वाटायचं. आणि जिंकला तर आपल्या ओट्यावर सुकट निवडायला बसलेल्या बायकासुद्धा पकडी कशा बसल्या ते एकमेकींच्या घोट्यांवर करून दाखवायच्या.

त्या वर्षी संघ जोरात होता. उरणला जिंकून आला, त्याच्या आधी पनवेलकडच्या दोन संघांवर लोण चढवून आला. दादा चढाईला गेला की समोरचे आपोआप मागे सरकायचे. ओट्यावर रोज सभा भरायची. एक म्हणायची, शिल्ड ह्या वर्षी आपलीच. दुसरी म्हणायची, बोलू नको, दिष्ट लागंल. म्हातारा काठी टेकत यायचा आणि पायरीवर बसून आपलं मत मांडायचा. "पोऱ्या चांगला हाय. पन आमच्या टायमाला चढाई म्हनजे आत घुसून राहायचं. यो एकाला शिवतो आनि पलतो." मला वाटलं तू चिडशील. तू म्हणालीस, "बरोबर हाय तुमचं. एकावर समाधान मानतो. बापासारखाच." आणि मग स्वतःच हसलीस. दादा आत होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. तो बाहेर येऊन म्हणाला, "आये, परत यायलाच लागतं. नायतर तिकडंच संसार मांडू काय?" तू म्हणालीस, "मांड. दोघांना घेऊन ये, मग मांड."

म्हणून तू ओरडायचीस. तुझी एकच हाक होती, सगळ्या सामन्याला पुरायची. दादा चढाईला गेला, एकाला शिवून मागे वळला, की तू ओरडायचीस, "सोडू नको!" म्हणजे दुसऱ्यालाही घे. आणि समोरचा गडी आपल्या बाजूला आला आणि आपल्या पोरांनी त्याला घेरला, की तेव्हाही तेच, "सोडू नको!" म्हणजे धरून ठेव. मिठागरावर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारून तयार झालेला गळा तो. शंभर पुरुष ओरडत असले तरी तुझा आवाज वेगळा यायचा. उजव्या कोपऱ्यावर खेळणारा शेजारचा पोरगा, ज्याची आई लहानपणी गेली आणि जो आपल्याच चुलीजवळ जेवून वाढला, तो म्हणायचा, काकीचा आवाज आला की हाताला जोर येतो. तू त्याला नावानं कधी बोलावलंच नाहीस. कोपऱ्या म्हणायचीस.

हंगाम निम्म्यावर आला असताना दादाला कंपनीकडून बोलावणं आलं. रंग बनवणारी कंपनी होती, तिचा स्वतःचा संघ होता, आणि त्यांना चढाईला माणूस हवा होता. नोकरी देतो, पण ह्याच हंगामात आमच्याकडून खेळायचं. तिसऱ्या दिवशी तू मासे साफ करत होतीस, दादा तुझ्यासमोर उकिडवा बसला.

"आये, काय करू?"

"तुना काय करायचं हाय?"

"नोकरी पाहिजे. शेत नाय, मीठ नाय. किती दिवस पारावर बसू?"

"मग जा."

"आनि गाव?"

तू हात धुतलेस. पदराला पुसलेस. म्हणालीस, "गावाचं मी बघते. तू जा."

ते तू किती खरं करणार आहेस हे तेव्हा मला कळलं नाही.

गावात आग लागल्यासारखं झालं. पारावरचे निम्मे म्हणत होते, पोट कुणाला चुकलंय, गेला तर गेला. निम्मे म्हणत होते, हंगाम संपेपर्यंत थांबला असता तर कंपनी कुठं पळून जात होती का. शिंप्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं की तो आधीपासूनच तिकडे मिळालेला होता, उरणच्या सामन्यातच लक्षात आलं होतं. ज्या सामन्यात तो एकट्यानं जिंकून आला होता, त्याच सामन्यात! ओट्यावर बायका यायच्या कमी झाल्या. आल्या तरी तुझ्यासमोर कबड्डीचा विषय काढायच्या नाहीत. तूच काढलास. "तोंडं कशाला पाडून बसल्यात? चढाई गेली, हात गेले काय? आता पकडीवर सामने काढायचे." म्हातारा हळूच म्हणाला, "वयनी, तुमी अजून आमच्यात?" तू म्हणालीस, "मी कुठं गेले होते?"

आणि तसंच झालं. संघ पकडींवर जिंकायला लागला. कोपऱ्या त्या दिवसांत जसा खेळला तसा पुन्हा कधी कुणी खेळलेलं मी पाहिलं नाही. मांजरासारखा बसायचा, आणि समोरच्याचा पाय जमिनीवर टेकायच्या आत घोटा त्याच्या हातात. तू प्रत्येक सामन्याला गेलीस. दादाच्या सामन्यांना एकदाही गेली नाहीस. दादा संध्याकाळी कामावरून यायचा, त्याच्या कपड्यांना रंगाचा वास, तू त्याला ताट वाढायचीस आणि विचारायचीस, जिंकलास? तो हो म्हणायचा. बरं, म्हणायचीस.

मग उपांत्य सामन्यात कंपनीचा संघ आणि आपला संघ समोरासमोर आले. तेही आपल्याच मैदानावर.

त्या दुपारी दादा घरी जेवायला आला, आणि पाठोपाठ कोपऱ्याही, कारण सामन्याआधी तो नेहमी आपल्याकडेच जेवायचा आणि त्यानं ते बदललं नाही. दोघं शेजारी शेजारी पाटावर बसले. मी आजही ते बघते आहे. दादा कंपनीच्या निळ्या बनियनमध्ये, कोपऱ्या आपल्या गावाच्या पिवळ्या बनियनमध्ये, दोघांच्या माना खाली. तू दोघांना सारखं वाढतेस, तांदळाची भाकरी, खाडीची कोलंबी, कुणाच्याही ताटात जास्त नाही. मग दादा मान वर न करता विचारतो, "आये, तू कोनाकडं?"

"मी रेषेवर."

"तसं नाय विचारलं."

"जेव. इथं तुमी भाऊ. तिथं नाय." एवढं बोलून तू पाण्याचा तांब्या ठेवतेस आणि बाहेर निघून जातेस.

गर्दी अशी की माणसं झाडांवर चढून बसली होती. म्हाताऱ्यानं तुझी जागा धरून ठेवली होती, उजव्या कोपऱ्याच्या अगदी पाठीमागे. दादा मैदानात उतरला तेव्हा जो गोंगाट झाला तसा मी आयुष्यात ऐकला नाही. ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं त्याच माणसांनी त्याला काय काय म्हटलं ते इथं लिहिणार नाही. मागून कुणीतरी पुन्हा पुन्हा ओरडत होतं, पाय मोडा त्याचा, पाय मोडा. तू वळून बघितलं नाहीस. तुझा हात माझ्या मनगटावर होता.

सामना शेवटापर्यंत बरोबरीत चालला. शेवटी दादा चढाईला आला. आत शिरला, डावीकडच्या एकाला शिवला, आणि वळला. गुण मिळाल्यातच जमा होता, मध्यरेषा एका ढांगेवर होती. कोपऱ्या मागे सरकला होता, त्याला वाटलं आता गेला हातातून. तू माझ्या शेजारी पुढे वाकलीस. अगदी हळू, जणू चुलीजवळ बोलतेस तसं, म्हणालीस, "कोपऱ्या, जातो बघ तो." आणि मग पूर्ण गळ्यानं ओरडलीस, "सोडू नको!"

आणि दादा थांबला. एवढी माणसं होती, सगळ्यांनी पाहिलं. रेषेला पाय लावायचा तो मागे फिरला, पुन्हा आत. कोपऱ्यानं तेवढ्यात झेप घेतली, घोटा धरला, बाकीचे वर पडले. आधी जल्लोष झाला. सगळं गाव उठलं. तो जल्लोष चालू असतानाच तो आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा, आणि माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. पाय मोडा म्हणणाऱ्यानंही ओरडणं थांबवलं. दादाचा गुडघा जिकडे वळायला नको तिकडे वळला होता.

आपण जिंकलो, आये. अंतिम सामना कुणी जिंकला ते मला आठवत नाही. कुणालाच आठवत नसावं.

नंतर गावात फक्त एकच चर्चा, तो परत का फिरला? हंगाम संपला, पण ती चर्चा संपली नाही. म्हातारा म्हणायचा, लोभ, दुसरं काय. शिंपी म्हणायचा, कंपनीच्या माणसानं बाहेरून खूण केली, मी बघितलं. आणि ज्यांनी त्याला सगळ्यात घाण शिव्या दिल्या होत्या त्यांनी वेगळंच काढलं. त्याच्या मनात गावच होतं, म्हणे. स्वतःहून पकडला गेला बिचारा, गावाला जिंकवायला. हे बोलताना त्यांचे डोळे भरून यायचे. दादा प्लास्टर घालून खाटेवर पडलेला, कुणी विचारलं की भिंतीकडे तोंड करायचा. तू हे सगळं ऐकायचीस. ओट्यावरच्या सभेत कुणी विषय काढला की सुकटीची टोपली उचलून आत.

कोपऱ्या यायचा बंद झाला होता. कुणी म्हणालं जेवत नाही नीट. मग एक दिवस तू मला म्हणालीस, "बाय, त्याला घेऊन ये." मी त्याला घेऊन आले. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. दादाला दवाखान्यात नेलं होतं, घरात आपण तिघंच. तू उभी राहून त्याला विचारलंस,

"तू धरलंस ते मी वरडले म्हून धरलंस काय?"

तू उंबऱ्यापर्यंत पुढे आलीस.

"खरं सांग. मी वरडले नसते तर सोडला असतास?"

"नाय काकी," तो म्हणाला. "मना कायच ऐकू आलं नाय. त्या दिवशी मना कोनाचाच आवाज येत नव्हता. तो परत फिरला, माझे हात गेले."

तू भिंतीला टेकलीस. किती दिवसांनी तुझी छाती वर होऊन खाली गेली. मग तू त्याला आत घेतलंस, ताट वाढलंस, आणि तो भाकरी मोडायच्या आधी रडायला लागला तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवलास. त्यानंतर तू मैदानावर कधी गेली नाहीस. मोठ्यानं बोलणंही सुटलं तुझं. बाजारातून हाक मारायची तर मला पाठवायचीस. पण तुला झोप लागायला लागली. मला वाटतं त्याच्या त्या उत्तरावर तू उरलेली वर्षं काढलीस, आणि बऱ्यापैकी शांतपणे गेलीस.

कंपनीनं दादाला ठेवलं नाही, ते तू पाहिलंसच. लंगडत लंगडत त्यानं काय काय केलं, मग बंदराकडे यार्डात गेटवर लागला, जासईची मुलगी केली, संसार नीट झाला. तो हिवाळा आमच्यात कधी निघाला नाही. परवा निघाला, तो त्याच्या नातवामुळे. नातू टीव्हीवर कबड्डी बघत होता, आता चटईवर खेळतात, रंगीत दिवे, पैसेवाले मालक. चढाई करणारा एक गडी रेषेजवळून उगाच मागे फिरला आणि धरला गेला. नातू ओरडला, "येडा हाय काय यो! का फिरला?" दादा हसला. गुडघ्यावर हात फिरवत माझ्याकडे बघून म्हणाला,

"मी का फिरलो, तुना ठाव हाय?"

मी नाही म्हटलं.

"सगला गाव मना शिव्या देत होता. सगला गाव. मना वाटत होतं आयेसुद्धा त्यांच्यातच. जेवताना विचारलं तर नीट बोलली नव्हती ती. आनि रेषेला पाय लावनार तर तिचा आवाज आला. सोडू नको! मना म्हनत होती. एवढ्या मानसांत एकटी ती माझ्या बाजूची होती. मग मी कसा सोडनार? फिरलो." त्यानं पाय लांब केला. "पाय गेला. पन वाईट नाय वाटलं कधी. आवाज आला ना तिचा."

आये, तू त्या दिवशी विचारलंस ते चुकीच्या पोराला विचारलंस. ज्याला ऐकू आलं होतं त्याला तू मरेपर्यंत विचारलं नाहीस. आणि ज्याला ऐकू आलं त्यानं इतकी वर्षं ते उराशी धरून ठेवलं, उलटा अर्थ लावून. मी तुझ्या शेजारी बसलेली, तुझ्या ओठांजवळ माझा कान होता, हाकेच्या आधीचे शब्द फक्त मला माहीत. दादा माझ्याकडे बघत होता. त्याची बायको पुन्हा चहा ठेवू का विचारत होती. मी ठेव म्हटलं. आणि दादाला म्हटलं, "हो, तुलाच म्हणत होती."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. जासईहून परत येताना मी "सोडू नको" हे दोन शब्द मनात पुन्हा पुन्हा बोलून पाहिले, तुझ्या आवाजात, तुझ्यासारखं पुढे वाकून. तू कोपऱ्याला जे हळू म्हणालीस ते मी नक्की ऐकलं होतं का, हे आता मला सांगता येत नाही. एवढ्या गोंगाटात ऐकलं असेल का? मला ते ऐकलेलं नको झालंय, आये, आणि ते हळूहळू जातंय.